काटा उतरला, कंबर तिथेच

लेखांक सहावा

२००४ सालच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त फरक, आणि वजनकाट्याला त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्याकडे वजन उतरवायचं ठरतं ते काट्याकडे बघून आणि थांबायचं ठरतं तेही काट्याकडे बघूनच. मधल्या काळात अंगातून नेमकं काय गेलं, चरबी की स्नायू, हे फारसं कुणी विचारत नाही. आपल्या बायकांच्या बाबतीत सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे, असं मला वाटतं. त्याचं उत्तर शोधण्याचं मोठं काम आपल्याच शहरात, रास्ता पेठेतल्या केईएममध्ये झालं आहे.

१९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. तरुण विवाहित बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवायची, पुढे त्यांच्या बाळांची मापं घ्यायची आणि ती मुलं मोठी होताना त्यांच्या मागे राहायचं, असा तो बेत. या मातांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं सुमारे ४२ किलो. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोंची. तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची होती. आपली बाळं लहान असणार हे अपेक्षितच होतं. धक्का बसला तो पुढच्या मोजमापाने. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव खूपच कमी भरले, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. वरून किडकिडीत, आतून चरबीदार. पोटाभोवती चरबी लवकर साठणं आणि तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठणं, या आपल्या ठेवणीचं मूळ इतकं मागे जातं.

म्हणूनच आपल्यासाठी मोजायचे आकडे वेगळे आहेत. पाश्चात्त्य कोष्टकात बीएमआय २५पर्यंत सगळं ठीक समजतात, भारतीयांसाठी सावध व्हायची रेघ २३वर आहे. पाच फूट उंचीच्या बाईच्या हिशेबात हे साधारण ५३ किलो होतात. पण त्याहून महत्त्वाची कंबर. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

कंबर मोजण्यात मोठी गफलत होते. परकराची नाडी किंवा सलवारचं इलॅस्टिक जिथे बसतं, ती मोजायची जागा नव्हे. सर्वांत खालची बरगडी बोटाने चाचपा, मग कुशीला हात नेऊन कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. या दोन्हींच्या बरोब्बर मध्ये टेप आडवा धरायचा. बहुतेकींच्या बाबतीत ही जागा नाडीच्या बरीच वर येते. पोट आत ओढायचं नाही, सहज श्वास सोडायचा आणि आकडा वाचायचा. टेप कातडीला टेकलेला हवा, रुतलेला नको. महिन्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी मोजलं की पुरे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी साठतं, तेव्हा मोजून उगाच जीव जाळून घेऊ नये.

तुमचा बीएमआय २३च्या आत आणि कंबर ८०च्या आत असेल, तर कुणी काहीही म्हणो, तुम्हाला वजन कमी करायची गरज नाही. हे ठासून सांगावं लागतं, कारण लग्न ठरलेल्या मुली आपल्याकडे दर हंगामात उपाशी राहतात. साखरपुडा झाला की ब्लाउजचं माप टाकायच्या आत आठ-दहा किलो उतरवायचे, म्हणून सूप, काकडी आणि ग्रीन टीवर दिवस काढायचे. त्यातल्या कित्येकींच्या अंगात आधीच रक्त कमी असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. अशा शरीरावर दोन महिन्यांची उपासमार लादायची आणि लगेच त्याच शरीराकडून बाळंतपणाची अपेक्षा करायची, हे मला फार क्रूर वाटतं. त्या सहा गावांच्या अभ्यासात बाळाच्या वाढीशी संबंध दिसला तो आईने नुसत्या किती कॅलरी खाल्ल्या याचा नव्हे, तर पालेभाज्या, फळं आणि दूध तिच्या खाण्यात किती वेळा होतं याचा. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. पुढे २०१२मध्ये, याच अभ्यासात जन्मलेली मुलं-मुली वयात आल्यावर, गरोदरपणाच्या कितीतरी आधीपासून त्यांना बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग केईएमच्या याच गटाने हाती घेतला. आईची तयारी लग्नाच्या, दिवस राहण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, हा त्यामागचा विचार.

आता ज्यांना खरोखर वजन उतरवायचं आहे त्यांच्याकडे वळू. आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे महिन्याला दोन किलो, हा वेग पुष्कळ झाला. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी केल्या तर हिशेब बरोबर तिथे येतो. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो गेले, तर त्यात बरंचसं पाणी असतं. वजन घटताना साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या बिनचरबीच्या भागातूनही जातो. जितकी घाई आणि जितकी प्रथिनं कमी, तितका हा वाटा वाढतो. पुढे डाएट सुटतं, वजन परत येतं आणि येताना ते मुख्यतः चरबीच्या रूपाने येतं. काट्यावर आकडा जुनाच, अंगात स्नायू मात्र आधीपेक्षा कमी. मुळात स्नायू कमी घेऊन जन्मलेल्या आपल्या शरीराला हा व्यवहार मुळीच परवडत नाही. शिवाय झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होतात, पाळी चुकते आणि दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात यायला लागतात. तोवर डाएट विसरलेलं असतं आणि दोष शॅम्पूला मिळतो.

स्नायू वाचवायचे तर ताटात प्रथिनं हवीत. आपल्याकडे बाईच्या ताटात नेमकी तीच कमी. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून झाल्यावर ती शेवटी बसते, तेव्हा आमटीच्या भांड्यात वरचं पाणी उरलेलं असतं आणि उसळ संपलेली असते. मग दोन पोळ्या, भाजी, वाटीभर भात, आणि टाकवत नाही म्हणून मुलाच्या ताटातला घास. पोट भरतं, पण ६० किलोंच्या बाईला रोज किमान ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, वजन कमी करताना थोडी जास्तच, तिथवर हे ताट पोचत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, घट्ट वरणाच्या किंवा उसळीच्या वाटीत सात-आठ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये सुचवलेल्या २,००० कॅलरींच्या ताटात धान्य २५० ग्रॅम आहे आणि डाळी-कडधान्यं, अंडी किंवा मांस मिळून ८५ ग्रॅम. उसळ आधी स्वतःच्या वाटीत काढून ठेवा, मग इतरांना वाढा. घरात दोन दिवस कुजबुज होईल, होऊ द्या.

त्याच ताटात तेल आहे २७ ग्रॅम. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोजचं तेल ३८ ग्रॅमच्या घरात जातं, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेल पळीने ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घातलं तरी पहिल्याच महिन्यात फरक पडतो. चहातली साखर हा दुसरा सोपा हिशेब: दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे १६० कॅलरी.

उपासाचं तेवढं सोपं नाही. चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीच्या भरल्या बशीत साबुदाणा, कूट आणि तूप मिळून सातशे कॅलरी सहज होतात आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. उपास मोडा असं मी म्हणणार नाही. वरीचा भात, दाण्याची आमटी, दही, राजगिरा, दूध, फळं यांवर तो उत्तम होतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच, तेही प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. अधूनमधून होणारं चहा-बिस्किट, फरसाण, मुलांचं उरलंसुरलं त्यात बंद होतं, म्हणून अनेकींना तिचा फायदा होतो हे खरंच आहे. पण त्या दोन जेवणांत दिवसभराची प्रथिनं बसवता आली पाहिजेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. साखर एकदम खाली येऊ शकते.

चालण्याच्या बाबतीत पुणं भाग्यवान आहे. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी पहाटेपासून गजबजलेल्या असतात आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणाऱ्या साठीच्या आजीही भेटतात. तरी नुसत्या चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या चालण्यासारख्या हालचालीबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते, आणि बायकांकडून तोच राहतो. जिमला जायलाच हवं असं नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, दोन हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. ‘दिवसभर पायाला भिंगरी असते, आणखी व्यायाम कशाला?’ असं बायका म्हणतात. त्या थकतात यात शंकाच नाही, पण त्या कामात स्नायूंवर चढता भार पडत नाही.

आणि वजन उतरवणारी इंजेक्शनं. मौंजारो मार्च २०२५मध्ये आणि वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये भारतात आलं. ही खरी औषधं आहेत, खूप वजन असलेल्या, मधुमेह जडलेल्या बाईला त्यांचा मोठा आधार होऊ शकतो. पण भूकच मरते म्हणून प्रथिनं आणखी कमी पोटात जातात, आणि स्नायूंचा प्रश्न तिथेही उभा राहतो. दिवस राहण्याचा विचार असेल तर ती चालत नाहीत. वेगोव्ही निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. मौंजारो सुरू असताना संततिनियमनाच्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि डोस वाढवताना दुसरं साधन वापरायला सांगतात. ही गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मैत्रिणीच्या सांगण्यावरून लग्नाआधी पाच किलो उतरवायला ही सुई घेणं मला धोक्याचं वाटतं.

वजन उतरवायला सुरुवात करण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि बी-१२ या चार तपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन कमी निघालं तर आधी ते भरून काढा, मग वजनाकडे वळा. काही न करता वजन आपोआप उतरत असेल, तर खूश न होता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

(पुढच्या आठवड्यात: पाळी थांबल्यानंतरची कंबर)