मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, उड्डाणकाल आणि औषधकाल

मुले परदेशी स्थायिक झाल्याने साठी-सत्तरीतील आई-वडिलांचे अमेरिकेस जाणे-येणे आता नित्याचे झाले आहे. निघण्यापूर्वी ते औषधे घेण्यास येतात व विचारतात, "प्रवासात गोळ्या केव्हा घ्यायच्या?" याचे नेमके उत्तर देण्यासाठी अंतर, उड्डाणकाल व घड्याळ यांचा पृथक् विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुंबई व न्यूयॉर्क यांमधील पृथ्वीगोलावरील लघुतम अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने ते १४ तासांत कापले जावे. परंतु उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने जाताना थेट विमानास साधारणतः १६ तास लागतात, येताना वेळ कमी लागतो. मार्ग बदलल्यासही काल वाढतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांबाबत हेच घडले.

आता घड्याळ पाहू. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. जानेवारीत मुंबईहून रात्री १ वाजता निघालेला रुग्ण १६ तासांनी उतरतो, तेव्हा तेथे त्याच दिवसाची सकाळचे साडेसहा ही वेळ असते. घड्याळानुसार साडेपाचच तास सरलेले दिसतात! उलट, तेथून दुपारी १२ वाजता निघून १४ तासांनी मुंबईस उतरल्यास दुसऱ्या दिवसाचे साडेबारा वाजलेले असतात. त्याने सकाळी ८ वाजता औषध घेतले असेल, तर प्रत्यक्षात १८ तास झालेले असतात. घड्याळ मात्र साडेअठ्ठावीस दाखविते. दोन मात्रा चुकल्या असे समजून इन्सुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या दुप्पट घेतल्यास रक्तशर्करा घातक प्रमाणात उतरू शकते.

अष्टांगहृदयात सांगितलेले दहा औषधकाल मुख्यतः आहाराशी निगडित आहेत. म्हणून प्राग्भक्त वा अधोभक्त द्यावयाची आपली औषधे तेथील भोजनकालानुसार सुरू ठेवता येतात. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी व हृदयविकाराची औषधे यांना हा न्याय लावू नये. त्यांचे वेळापत्रक संबंधित तज्ज्ञाकडून गेलेल्या तासांच्या हिशेबाने लिहून घ्यावे.

याशिवाय पुढील सूचना अवश्य द्याव्यात :

१. विमानातील हवा अत्यंत कोरडी असते. रूक्षता व दीर्घकाळ बैठक ही वातप्रकोपाची कारणे होत. कोमट पाणी घोट घोट घ्यावे, अधूनमधून चालावे. स्वच्छतागृहास जाणे टाळण्यासाठी पाणी तोडू नये. वेगधारण तर मुळीच नको.

२. पायाच्या शिरांत पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णास तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून पाठवू नये.

३. हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. आसवारिष्टांच्या ४५० मिलिलिटरच्या बाटल्या औषधविक्रेत्यांनी मोठ्या सामानासाठी नीट बांधून द्याव्यात. इन्सुलिन मात्र हातातील सामानातच असावे.

४. सर्व औषधे मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठी व पावतीसह द्यावीत. पुड्या बांधून देऊ नयेत.

चिठ्ठीवर 'सकाळ-संध्याकाळ' एवढेच न लिहिता प्रवासाच्या दिवसापुरते 'इतक्या तासांनी' असे लिहावे. त्याने रुग्णाचा मोठा संभ्रम टळेल.