गाठीची पांढरी किनार

मेंदूतली गाठ कोणत्या जातीची, हे ठरवायला तिचा तुकडा काढून तपासावा लागतो. काही गाठी मात्र एमआरआयमध्येच बऱ्यापैकी ओळखू येतात. अशा एका गाठीत एमआरआयच्या टी-2 प्रकारच्या चित्रात सगळी गाठ एकसारखी पांढरी दिसते. फ्लेअर या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तीच आतून काळवंडते आणि कडेला पांढरी किनार उरते. 2017 साली वर्णन झालेली ही खूण दिसली, तर गाठ बहुधा आयडीएच जनुकात बदल झालेली अ‍ॅस्ट्रोसायटोमा असते. खूण नसली, तर मात्र काहीच ठरत नाही. अशा कित्येक गाठींत ती नसतेच.

एका जनुकाला एवढं महत्त्व का? हा बदल असलेले रुग्ण बहुतेकदा बरीच वर्षं जगतात. तो नसलेल्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीत उपचार घेऊनही निम्मे रुग्ण साधारण सव्वा वर्षात दगावतात.

आता संगणकही स्कॅनवरून आयुष्याचा अंदाज बांधतो. पण एका रुग्णालयातल्या चित्रांवर शिकलेला संगणक दुसरीकडच्या यंत्राची चित्रं पाहून चुकू शकतो. शिवाय असा अंदाज अनेक रुग्णांच्या सरासरीवरून आलेला असतो. समोरच्या माणसाचं आयुष्य त्यातून कळत नाही. म्हणून घरात कुणाचा असा स्कॅन झाला असेल, तर बायोप्सीचा, म्हणजे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा, निकाल येईपर्यंत आकड्यांच्या मागे लागू नका.