बायपासनंतर घरच्यांचे काम

बायपास झाली की घरची मंडळी ‘डॉक्टर बघतीलच’ म्हणून वॉर्डाबाहेर बसून राहतात. डॉक्टर बघतातच, पण रुग्ण एरवी कसा असतो, हे घरच्यांनाच ठाऊक असते.

माझ्या एका वृद्ध रुग्णाने ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सुनेलाच ओळखले नाही. ‘वयामुळे होते,’ असे शेजारचे म्हणाले. ‘मामंजी असे नाहीत,’ म्हणत तिने लगेच सिस्टरांना गाठले. तपासणीत रक्तातले सोडियम उतरलेले निघाले. वेळीच उपचार झाले. असा गोंधळ जंतुसंसर्गाने, ऑक्सिजन कमी पडल्याने किंवा एखाद्या औषधानेही होतो. म्हणून तो सांगितलाच पाहिजे. रुग्णाचा चष्मा, श्रवणयंत्रही जवळ द्यावे.

डॉक्टरांशी बोलायला घरातील एकच माणूस नेमावा. त्याने वहीत जुनी औषधे, मधुमेह, ॲलर्जी लिहून न्यावी. घरी सोडताना कोणती गोळी बंद, कोणती नवी, हे विचारून घ्यावे. छातीचे हाड सांधायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. या काळात ताप आला, जखमेतून पू आला, हाड कटकटले किंवा दम वाढला, तर थांबू नये.

नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाने डॉक्टरांचा अपमान होत नाही.