मत्स्यजिऱ्यांचे पहिले पंधरा दिवस



उसाचे बेणे आपण पारखून, प्रक्रिया करून लावतो. शेततळ्यात सोडायच्या मत्स्यजिऱ्यांना मात्र देवाच्या भरवशावर टाकतो. यात आमचाही दोष आहे. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाने विचारले, "साहेब, तळं भरलं, जिरे आणू का?" आम्ही "आणा" म्हणून मोकळे झालो. आठव्या दिवशी फडके फिरवले तर हाती पाणकिडेच लागले. पन्नास हजार जिरे गेले. पैसा त्यांचा, सल्ला आमचा! तेव्हापासून हा विषय आम्ही नीट शिकून घेतला.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून वीत नाहीत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवले, म्हणून आज जिरे विकत मिळतात. १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण आहे.

अंड्यातून निघालेले पिल्लू सुमारे तीन दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगते. ती संपली की त्याला खायला हवे. पण ते स्वतःच ५-६ मिलिमीटरचे. तोंड ते केवढे! पाण्यातले सूक्ष्म जीव हेच त्याचे दूध. म्हणजे जिरे येण्याआधी जेवण तयार पाहिजे. आमचे चुकले ते इथेच.

एका गुंठ्याच्या मातीच्या तळ्याचा हिशेब असा. तळे सुकवून अडीच किलो चुना टाका. काही दिवसांनी १०० किलो शेण टाकून, बारीक जाळीतून गाळून तीन-चार फूट पाणी भरा. दहा-पंधरा दिवसांत पाण्यात जीव धरतो. पाणी मलमलीतून गाळून काचेच्या पेल्यात पाहा. हलणारे ठिपके दिसले पाहिजेत.

जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला असताना, ५६० ग्रॅम खाद्यतेल व १८० ग्रॅम कपड्याचा साबण गरम पाण्यात घोटून पाण्यावर पसरा. पाणकिडे श्वासाला वर येतात, ते तेलाच्या थराने गुदमरतात.

जिऱ्यांची पिशवी सकाळी किंवा सायंकाळी आणा. पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेऊन जिरे सोडा. गुंठ्याला ३० ते ५० हजार पुरेत.

दुसऱ्या दिवसापासून शेंगदाण्याची ढेप व धानाचा कोंडा समप्रमाणात, चाळून द्या. पन्नास हजारांना पहिले पाच दिवस रोज ३०० ग्रॅम, पुढे ६०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. "जास्त टाकलं तर लवकर वाढतील" हा समज घातक आहे. उरलेले खाद्य कुजते, प्राणवायू कमी पडतो. पहाटे पिल्ले वर येऊन तोंड मारताना दिसली की खाद्य बंद करा व ताजे पाणी सोडा.

आणि एक खास आपल्यासाठी: उसावर कीटकनाशक मारले असेल तर त्या शेतातले पाणी तळ्यात उतरू देऊ नका.

पंधरा-वीस दिवसांत पिल्ले दोन-अडीच सेंटिमीटरची होतात. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवून ती मोठ्या तळ्यात हलवा. निम्मी हाती आली तरी काम चांगले झाले समजा.

त्या सभासदाने गेल्या पावसाळ्यात पुन्हा जिरे आणले. या वेळी चुन्याच्या दिवसापासून आम्ही बांधावर हजर होतो. निम्म्याला थोडी कमी, पण पिल्ले हाती आली. अडचण असल्यास गट कार्यालयात विचारा. नागपुरात तेलंखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे. मात्र विचारायचे ते जिरे आणण्याआधी!

— ऊस विकास अधिकारी