छातीतील मज्जातंतू-आवरणाची सौम्य अर्बुदे : स्वरूप, निदान व उपचार

प्रस्तावना

ठाण्याच्या माजिवड्यापासून गायमुखाकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडच्या दुतर्फा गेल्या काही दशकांत मोठी लोकवस्ती उभी राहिली आहे. अशा वस्तीत नोकरीपूर्व तपासणीसाठी वा साध्या खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेवर अनपेक्षित सावली दिसली, की मनात प्रथम येतात ते क्षय आणि कर्करोग. जगात सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात असल्याने ही शंका स्वाभाविकच आहे. परंतु क्वचित ती सावली मज्जातंतूच्या आवरणातून वाढलेल्या सौम्य गाठीची असते. प्रस्तुत लेखात या अर्बुदांचा विचार केला आहे.

स्वरूप

मज्जातंतूंना वेढणाऱ्या पेशींना थिओडोर श्वान (१८१०–१८८२) या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. त्यांपासून श्वानोमा होतो. तो मज्जातंतूला एका बाजूस सारून वाढतो. न्यूरोफायब्रोमामध्ये मात्र तंतू गाठीतूनच गेलेले असतात. त्यामुळे श्वानोमा काढताना मज्जातंतू पुष्कळदा वाचविता येतो, न्यूरोफायब्रोमात ते कठीण जाते.

या पेशींचा महाराष्ट्रातील संशोधनाशी वेगळ्या वाटेने संबंध आला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कुष्ठरोगातील मज्जातंतूंच्या विकृतीचा अभ्यास केला. कुष्ठाचे जंतू ठाण मांडतात ते याच श्वान पेशींत. एकच पेशी इतक्या भिन्न व्याधींचे घर ठरावी, हे विकृतिशास्त्राबाहेरील अध्यापकांनाही कुतूहलाचे वाटेल.

निदान

ही गाठ बहुधा छातीच्या मागील भागात, पाठीच्या कण्यालगत, बरगड्यांमधील मज्जातंतूवर असते. अनेक रुग्णांना कोणताही त्रास नसतो. गाठ छातीच्या शिखराशी असल्यास त्याच बाजूची पापणी किंचित उतरते व बाहुली लहान होते. क्षयाच्या डागांच्या कडा सहसा अस्पष्ट असतात; या गाठीची कड गुळगुळीत, रेखीव असते. केवळ समोरून घेतलेल्या एक्स-रेवर ती फुप्फुसात आहे की फुप्फुसामागे, हे कळत नाही. म्हणून बाजूने घेतलेला एक्स-रे व त्यानंतर सीटी स्कॅन उपयोगी पडतो. थुंकीची तपासणी न करता केवळ सावलीवरून क्षयाची औषधे सुरू करणे अशा प्रसंगी विशेष नुकसानकारक ठरते.

सुमारे दहा टक्के रुग्णांत गाठीचा एक भाग मणक्यांमधील छिद्रातून मेरुनलिकेत शिरतो व गाठीला डंबेलचा आकार येतो. शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय आग्रहाने करावा तो यासाठीच. हा भाग ध्यानात न येता बाहेरील गाठ ओढली गेल्यास मेरुनलिकेत रक्तस्राव होऊन पायांतील शक्ती जाऊ शकते. अशा रुग्णासाठी वक्षशल्यविशारद व मेंदू-मज्जाशल्यविशारद दोघेही लागतात.

उपचार

गाठ सावकाश वाढते, त्यामुळे दुसरे मत घेण्यास बहुधा पुरेसा अवधी असतो. घाबरून त्याच दिवशी घोडबंदरच्या वाहतूक कोंडीतून परळ गाठण्याची गरज क्वचितच पडते. मर्यादित आकाराची गाठ दुर्बिणीद्वारे लहान छिद्रांतून काढता येते. मोठीसाठी छाती उघडावी लागते. पूर्ण काढलेला श्वानोमा सहसा पुन्हा उद्भवत नाही. मात्र त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे अनेक डाग व गाठी असलेल्या, म्हणजेच आनुवंशिक न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार एकच्या रुग्णांत, गाठ अचानक वाढू वा दुखू लागल्यास ती मारक झाल्याची शंका घेऊन तातडीने तपासावे लागते.