कुत्र्याला गोचिडाचं औषध देण्यापूर्वी



पावसाळी दिवस आले, हवेत दमटपणा वाढला, की मळ्यातल्या कुत्र्याच्या कानात, मानेखाली आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत गोचीड दिसू लागतात. रक्त पिऊन फुगलेली मादी तर एरंडाच्या बीसारखी टपोरी. कुत्रा दिवसभर खाजवत बसतो, रात्री राखण सोडून अंग चावत राहतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अहो, त्याला काहीतरी औषध मारा की." मग गोठ्याच्या कोनाड्यातली जी बाटली हाताला लागेल ती खाली येते. बैलाला टोचून उरलेलं इंजेक्शन, म्हशीच्या अंगावर लावायचं गोचीडनाशक, नाही तर कपाशीवर फवारून राहिलेलं विष.

दुसरीकडे असेही लोक आहेत की ज्यांनी गावात एखादा कुत्रा औषधानं मेलेला पाहिला, आणि तेव्हापासून ते औषधाचं नावच काढत नाहीत. "राहू द्या, गोचीड काय, पडतील आपोआप." या दोन्ही वागण्यांत कुत्रा जातो. पहिल्यात विषानं, दुसऱ्यात रोगानं.

दुसऱ्याचं आधी पाहू. गोचीड नुसतं रक्त पीत नाही. रक्त पिता पिता तो आपल्या लाळेतून रोगाचे जंतू कुत्र्याच्या अंगात सोडतो. यालाच आपण गोचीड ताप म्हणतो. ताप चढतो, कुत्रा भाकरीला तोंड लावत नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात. एका प्रकारात लघवी लाल किंवा काळपट तांबडी होते, दुसऱ्यात कधी नाकातून रक्त येतं. वेळेवर उपचार मिळाला तर कुत्रा वाचतो, उशीर झाला तर नाही. पिसवांचंही तसंच. लहान पिलावर पिसवा फार झाल्या तर ते रक्त कमी होऊन मरू शकतं. आणि खाजवताना कुत्र्यानं पिसू गिळली, की तिच्यातून त्याच्या पोटात पट्टकृमी जातो. तेव्हा औषध नकोच म्हणणं ही काही सावधगिरी नव्हे. प्रश्न आहे तो कोणतं औषध, कोणत्या कुत्र्याला आणि किती, याचा.

बैलाचं इंजेक्शन कुत्र्याला

सर्वांत जास्त घोळ होतो तो आयव्हरमेक्टिन या औषधाचा. औषध मोठं गुणाचं आहे. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते तयार झालं, आणि त्या कामाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. जनावरांतले जंत, गोचीड, खरूज, सगळ्यांवर चालतं. म्हणूनच ते जवळजवळ प्रत्येक गोठ्यात असतं.

आता हिशेब करू. गोठ्यात येणारं इंजेक्शन साधारणपणे १ टक्क्याचं असतं. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. मोठ्या जनावराला दर ५० किलो वजनामागे १ मिलिलिटर असा त्याचा डोस आहे. चारशे किलोच्या बैलाला ८ मिलिलिटर. कुत्रा पंधरा किलोचा असला, तर आपण अंदाजानं म्हणतो, "याला एक मिलिलिटर पुरे." बैलाच्या मानानं हे थोडकं दिसतं. पण बैलाच्याच मापानं मोजलं तरी या कुत्र्याच्या वाट्याला पाव मिलिलिटरपेक्षा थोडं जास्त येतं. म्हणजे आपण तिपटीहून अधिक दिलं. आणि तीन किलोच्या पिलाला तेच एक मिलिलिटर टोचलं तर ते बैलाच्या मापाच्या सोळा पटींहून जास्त होतं. त्यात धडधाकट गावठी पिलूसुद्धा मरू शकतं.

इथंच लोक म्हणतात, "पण आमच्या शेजाऱ्यानं दिलं होतं, त्याच्या कुत्र्याला काहीच झालं नाही." खरं आहे. पुष्कळ कुत्र्यांना काही होत नाही, आणि म्हणूनच हे औषध फसवं आहे. कुत्र्याच्या मेंदूला एक प्रकारचं कुंपण असतं. हे औषध त्या कुंपणाच्या आत शिरू लागलं की शरीर त्याला परत बाहेर हाकलतं. काही कुत्र्यांत जन्मापासूनच हा राखणदार नसतो, औषध थेट मेंदूत जाऊन बसतं. यामागचा आनुवंशिक दोष २००१ साली अमेरिकेत सापडला. विलायती मेंढीराख्या कुत्र्यांत, म्हणजे कोली जातीत, तो फार आढळतो. दर चार कोलींपैकी जवळजवळ तिघांत. जर्मन शेफर्ड जातीतही काहींत तो असतो, आणि हा कुत्रा हल्ली मळ्यामळ्यावर दिसतो. अशा विलायती कुत्र्यांशी संकर झालेल्या पिलांत हा दोष आहे की नाही, हे नुसतं तोंडाकडे पाहून कळत नाही. बैलाच्या मापाचा निम्मा डोससुद्धा अशा कुत्र्याला बाधू शकतो.

बाधलं की डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, लाळ गाळतो, थरथरतो, कधी दिसेनासं होऊन भिंतीवर आदळतो, शेवटी बेशुद्ध पडतो. या विषावर खास असा उतारा नाही. सलाईन लावून, अंग उबदार ठेवून, दिवसच्या दिवस सांभाळावं लागतं. त्यातूनही कुत्रे उठतात, पण ते काम घरच्या ओसरीवर होणारं नव्हे.

मग कुत्र्याला हे औषध कधीच नको का? तसं नाही. लूत लागलेल्या कुत्र्याला डॉक्टर ते देतात, पण वजन करून, थोड्यापासून सुरुवात करून, आणि कुत्र्याची जात विचारून.

पिकावरचं विष आणि जळकं ऑइल

पिकावर मारायचं औषध कुत्र्याला लावणं हा प्रकार आम्हाला सांगायलाही नको वाटतो, पण तो होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली, त्यात माणसं दगावली. त्यांनी काही औषध प्यायलं नव्हतं. अंगावर उडालेल्या तुषारांतून, श्वासातून ते शरीरात गेलं. मग तेच पाणी कुत्र्याच्या कातडीला चोळलं, आणि वर त्यानं अंग चाटलं, तर काय होईल? शिवाय संध्याकाळी त्याच कुत्र्याच्या गळ्यात घरातलं पोर हात टाकून बसतं.

"यात तेच औषध आहे, नाव वाचलं मी," असंही कुणी म्हणतं. फिप्रोनिल हे औषध उसाला आणि भाताला वापरतात, आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांतही तेच असतं, हे बरोबर. पण पिकाच्या बाटलीत त्याच्याबरोबर जे बाकीचं मिसळलेलं असतं ते जनावराच्या कातडीसाठी नसतं, आणि तीव्रताही वेगळी असते. जुन्या पुड्यांबद्दलही सांगायला हवं. बीएचसी पावडर, जिला आपण गॅमेक्सिन म्हणायचो, तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. कार्बारिलवर २०१८ साली बंदी आली. माळ्यावर, कणगीमागे अशी एखादी पुडी अजून पडलेली असेल, तर ती कुत्र्यावर संपवायची नाही.

लूत लागलेल्या कुत्र्याला इंजिनचं जळकं ऑइल चोळायची चाल तर गावोगाव आहे. त्यानं कातडी भाजते, कुत्रा ते चाटतो आणि पोटात विष जातं. रॉकेलचंही तेच. तंबाखूचं पाणी गावठी म्हणून निर्धोक वाटतं, पण तंबाखूतलं निकोटीन हे जालीम विष आहे. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल त्या मानानं सौम्य. मात्र भरपूर गोचीड झालेल्या कुत्र्याचं त्यावर भागत नाही, हे आधीच समजून घ्यावं.

मग द्यायचं काय?

म्हशीच्या अंगावर लावायच्या गोचीडनाशकांपैकी अमिट्राझ हे कुत्र्यालाही वापरतात. पण कुत्र्यासाठी पाण्यात किती मिसळायचं ते डॉक्टरांना विचारून, आणि झाकणानं किंवा सिरिंजनं मोजून, 'एक धार' म्हणून नव्हे. अंग पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला बांधून ठेवा, चाटू देऊ नका. चार महिन्यांखालच्या पिलाला ते लावू नये. मिसळलेलं पाणी उरलं तर दुसऱ्या दिवशी वापरू नये. लावल्यावर कुत्रा फार सुस्त झाला, उठेना, अंग गार लागू लागलं, तर समजावं की जास्त झालं.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन या जातीची औषधं कुत्र्याला बेतानं चालतात, पण मांजराला नाही. मांजराच्या शरीराला हे विष पचवता येत नाही. कुत्र्याच्या मानेवर परमेथ्रिनचे थेंब टाकले आणि मांजर त्याला चिकटून झोपलं, तर मांजराला झटके येऊ शकतात. ज्या घरात दोन्ही आहेत तिथं औषध घेतानाच तसं सांगावं.

मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब बहुतेक कुत्र्यांना मानवतात. केस बाजूला करून थेंब कातडीवर पडले पाहिजेत, केसांवर नाही, आणि जागा अशी हवी की कुत्र्याची जीभ पोचणार नाही, म्हणजे दोन खांद्यांच्या मध्ये. आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. पण घरात ससे पाळलेले असले तर त्यांच्यापासून हे औषध लांब ठेवा, सशाला ते मारक आहे.

अलीकडे महिन्या-दोन-तीन महिन्यांनी खायला द्यायच्या गोळ्या निघाल्या आहेत. त्यांनी गोचीड आणि पिसवा दोन्ही मरतात. गोळी महाग पडते, पण वजनाप्रमाणे मिळते, त्यामुळे मापात चूक होत नाही, आणि पोरांच्या हाताला काही लागत नाही. तिचाही एक तोटा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर २०१८ मध्ये इशारा दिला की या जातीच्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं आणि झटके येतात. गोळ्या बाजारातून काढल्या नाहीत, कारण बहुतेक कुत्र्यांना त्या सुरक्षित आहेत. ज्या कुत्र्याला पूर्वी कधी मिरगीसारखे झटके आले असतील त्याच्याबाबत मात्र ते डॉक्टरांना आधी सांगितलंच पाहिजे. आणि मोठ्या कुत्र्याची एक गोळी तोडून चार पिलांना वाटायची काटकसर करू नका. आठ आठवड्यांखालच्या पिलाला तर बारीक दातांच्या फणीनं विंचरणं आणि हातानं गोचीड वेचणं हेच बरं. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा, बिडीचा चटका द्यायचा नाही, नखानं चिरडायचा नाही. साबणाच्या पाण्यात टाकला की काम झालं.

हृदयातल्या जंताबद्दल दोन शब्द. डासाच्या चाव्यातून हा जंत कुत्र्याच्या अंगात जातो आणि सहा-सात महिन्यांत हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांत वितीहून लांब वाढतो. आपल्या देशात तो मुख्यतः आसाम, मिझोरामसारख्या ईशान्येकडच्या राज्यांत आढळला आहे. तो होऊ नये म्हणून महिन्याला आयव्हरमेक्टिनच देतात, पण किती? किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. आपल्या पंधरा किलोच्या कुत्र्याला ९० मायक्रोग्रॅम, आणि गोठ्यातल्या एक मिलिलिटर इंजेक्शनमध्ये असतात १०,००० मायक्रोग्रॅम. एवढा बारीक डोस कोली कुत्र्यालाही बाधत नाही. पण तो सुरू करण्याआधी रक्त तपासावं लागतं. जंत आधीच असतील आणि रक्तातली त्यांची पिल्लं एकदम मेली, तर त्याचाच कुत्र्याला धक्का बसू शकतो. तेव्हा तिकडून कुत्रा आणला असेल तरच याचा विचार, आणि तोही डॉक्टरांकडे.

औषध कमी लागावं असं वाटत असेल तर कुत्रा झोपतो ती जागा पाहा. कुत्र्यावरचा गोचीड अंड्यातून निघून मोठा होईपर्यंत तीनदा रक्त पितो आणि दर वेळी खाली पडून भिंतीच्या फटीत, दगडांच्या सांध्यांत लपतो. एक मादी हजारांनी अंडी घालते. पिसवांची अंडीही खालच्या धुळीतच पडलेली असतात. पोतं उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात टाका, फटी लिंपून घ्या, केर काढून जाळा, आणि आठवड्यानं परत तेच करा. जागेवर औषध फवारायचं तर जनावरं, कोंबड्या बाहेर काढून, वैरण-पाणी झाकून, आणि जमीन वाळल्यावरच त्यांना आत घ्या.

एवढं करूनही विषबाधा झालीच, तर अंगावर लावलेलं औषध साध्या साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुऊन काढा, आपल्या हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून. दूध, तूप, तेल पाजू नका, काही विषं त्यानं जास्तच अंगात भिनतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, रॉकेलसारखं औषध फुप्फुसात गेलं तर कुत्रा जागच्या जागी जाईल. पिकावरच्या काही विषांत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि जुलाब सुरू होतात, आणि त्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन हा उतारा आहे. दुसऱ्या विषांवर तो चालत नाही. म्हणून दवाखान्यात जाताना ती बाटली किंवा पुडी, रिकामी असली तरी, सोबत न्या. किती आणि केव्हा दिलं ते खरं सांगा. कुत्र्याला हलवण्यासारखी स्थिती नसेल तर पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करावा, आणि फोनवर बाटलीवरचं नाव वाचून दाखवावं.