लस वैशाखात, वारी आषाढात

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस तालुक्यातल्या धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते, तुकाराम महाराजांची अकलूजला. पुढे वाखरीच्या मुक्कामी पालख्या एकत्र येतात आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात दहा-पंधरा लाख माणसे जमतात. अधिक महिन्याच्या हिशेबाने ही तिथी जूनअखेर ते जुलैअखेर अशी मागेपुढे सरकते. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. या पंचांगाशेजारी आता विषाणूचे पंचांग ठेवून पाहू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या मनदीप चढ्ढा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या इन्फ्लुएन्झाच्या नोंदी एकत्र मांडून २०१५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. श्रीनगर सोडले तर बहुतेक ठिकाणी या आजाराचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान दिसतो, असे त्यातून पुढे आले. पुणे त्यातच येते. म्हणजे वारी निघते ती फ्लूच्या चढावर.

तरीही फ्लू हा थंडीच्या दिवसांतला आजार, अशी समजूत आपल्याकडे शिकलेल्या माणसांतही घट्ट आहे. ती युरोप-अमेरिकेतून आली आणि तिथे ती खरीही आहे. कोरड्या, थंड हवेत विषाणू जास्त वेळ तगतो आणि माणसे दारे-खिडक्या लावून घरात बसतात. पण उष्ण कटिबंधात दुसराच नमुना दिसतो. तिथे दमट, पावसाळी महिने विषाणूला मानवतात, आणि थंडीऐवजी पाऊस माणसांना एका छपराखाली लोटतो. कागदावरचा हा फरक लशीच्या बाबतीत फार महाग पडतो. इन्फ्लुएन्झाचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले वाण ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. लस तयार व्हायला साधारण सहा महिने लागतात. भारत नकाशावर उत्तर गोलार्धात आहे म्हणून उत्तरेची लस मागवली, तर ती ऑगस्टच्या आसपास हातात पडते. तोवर पालख्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. दक्षिण गोलार्धाची लस मात्र मार्च-एप्रिलमध्ये मिळू शकते. चढ्ढा यांच्या निबंधातही श्रीनगर वगळता बहुतेक शहरांसाठी एप्रिल-मे हीच लसीकरणाची वेळ सुचवली आहे. प्रतिपिंडे तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि त्यांचा जोर काही महिन्यांत ओसरत जातो. हे सगळे जमेस धरले तर वारकऱ्याला लस टोचायचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे येतो. शेतकऱ्याच्या हाताला त्याच दिवसांत थोडी उसंत असते, हा योगायोग सोयीचाच म्हणायचा.

वारी तर उघड्यावर चालते, आणि मोकळ्या हवेत असा संसर्ग फारसा होत नाही, असा आक्षेप इथे कुणीही घेईल. चालण्यापुरता तो बरोबर आहे. रिंगणात उडणाऱ्या धुळीतून फ्लू होत नाही. पण वारकरी दिवसभर चालतो आणि रात्री राहुटीत, शाळेच्या वर्गात, मठात किंवा ट्रकच्या ताडपत्रीखाली शेजाऱ्याला खेटून झोपतो. पाऊस लागला की ताडपत्रीच्या कडाही खाली सोडल्या जातात. पंढरपुरात दर्शनबारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि माणूस त्या रांगेत कित्येक तास उभा असतो. संसर्गाला एवढे पुरते. शिवाय या गर्दीत पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा. चुलीच्या धुरात, बिडी-तंबाखूत आयुष्य गेलेली फुप्फुसे, मधुमेह, रक्तदाब आणि अडीचशे किलोमीटरची चाल! फ्लूची जोखीम कुणाला जास्त, याची पाठ्यपुस्तकातली यादी इथे पताका घेऊन चालत असते.

यापेक्षा वजनदार आक्षेप लशीच्या कुवतीबद्दल आहे. फ्लूची लस गोवराच्या लशीसारखी भरवशाची नाही. वाण चांगले जुळले त्या वर्षी ती आजाराचा धोका चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते, नाही जुळले तर त्याहून कमी, आणि म्हाताऱ्या शरीरात आणखी कमी. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत मुलांवर तीन वर्षे चाचणी झाली, तिथेही संरक्षण वर्षागणिक बदलत गेले. मग सरकारने अशा अर्ध्यामुर्ध्या लशीवर पैसे का घालावेत? याचे उत्तर आपण मोजतो काय, यावर अवलंबून आहे. सर्दी-ताप किती जणांना आला हे मोजले तर ही लस मध्यम दर्जाची ठरते. पण फ्लू माणसाला मारतो तो बहुधा आडवाटेने. त्याच्यामागून न्यूमोनिया येतो, आधीच थकलेले हृदय बंद पडते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर फ्लूचे नावही येत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयएएमआय’ नावाच्या चाचणीत बहुतांशी हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या अडीच हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना फ्लूची लस दिली आणि निम्म्यांना निष्क्रिय द्रावण. आठ देशांत झालेल्या या चाचणीत बांगलादेशही होता. वर्षभरात लस न घेतलेल्या गटात ४.९ टक्के दगावले, तर घेतलेल्यांत २.९ टक्के.

दुसरी चाचणी आपल्या अधिक जवळची आहे आणि तिचा निकाल एवढा सरळ नाही, म्हणूनच तिच्यावर माझा भरवसा जास्त आहे. हृदय कमकुवत झालेल्या पाच हजारांवर रुग्णांची ही चाचणी भारतासह आशिया, आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या दहा देशांत झाली, आणि २०२२ च्या अखेरीस तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधकांनी आधी ठरवलेल्या मुख्य कसोटीवर लस उतरली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू, झटके आणि रुग्णालयातली भरती यांची एकूण बेरीज दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच भरली. मात्र लस घेतलेल्यांत न्यूमोनिया सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होता, आणि फ्लूचा जोर असलेले महिने वेगळे काढले तेव्हा मुख्य कसोटीवरही फरक दिसला. मुख्य कसोटी हुकल्यावर असे तुकडे पाडून पाहणे जपूनच करावे लागते, हे कबूल. पण इथे पाडलेला तुकडा मनमानी नाही. विषाणू हिंडत नसेल तेव्हा लस वाचवणार कुणापासून? लशीचा उपयोग मोसमाला बांधलेला आहे, एवढे त्यातून नक्की निघते. आणि मोसम चुकवून लस देण्याची सवय आपल्याला आहेच.

लशीची एवढी यातायात कशाला, ताप आला की गोळी द्यावी, असेही म्हणता येईल. ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या नावाने राज्याच्या आरोग्य विभागाने २०२३ पासून पालखीमार्गावर ठिकठिकाणी दवाखाने आणि पंढरपुरात महाशिबिरे उभी केली आहेत. डॉक्टर दारात आहे. पण फ्लूवरचे नेहमीचे औषध ओसेल्टामिव्हिर, म्हणजे बाजारातले टॅमिफ्लू, लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांत दिले तरच त्याचा काही उपयोग. तोही बेताचा. चाचण्यांचे २०१४ मध्ये झालेले मोठे फेरमूल्यमापन सांगते की प्रौढांचा आजार त्याने सात दिवसांवरून ६.३ दिवसांवर येतो. घरी राहून उपचार घेणाऱ्यांची रुग्णालयात भरती होण्याची वेळ त्याने टळते, असेही २०२३ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले नाही. त्यात वारीतला पहिला दिवस कणकण म्हणून जातो, दुसरा चालून अंग आंबले म्हणून. तिसऱ्या दिवशी माणूस दवाखान्यात येतो तेव्हा औषधाची वेळ टळून गेलेली असते. दुखऱ्या अंगावर प्रतिजैविकाची गोळी घेण्याची आपली सवय तर विषाणूच्या केसालाही धक्का लावत नाही.

इतिहासातून येणारी शंका मला सर्वांत खरी वाटते. पंढरपूरच्या यात्रेकडे रोगाच्या चष्म्यातून पाहणे नवे नाही. इतिहासकार मंजिरी कामत यांनी १९०८ ते १९१६ या काळातल्या पंढरपूरच्या यात्रेवर शोधनिबंध लिहिला आहे. त्याच्या शीर्षकातच पालखीला ‘साथीची वाहक’ म्हटले आहे, कारण इंग्रज सरकारच्या डोळ्यांना ती तशी दिसत होती. कॉलऱ्याची टोचणी हे यात्रांचे पुढे ठरलेले दृश्य झाले. ती लस दुबळी होती. तिने साथ रोखली जात नाही हे मान्य करून १९७३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने प्रवाशांकडून कॉलऱ्याच्या लशीचा दाखला मागण्याची पद्धतच रद्द केली. कॉलऱ्याला आवर घातला तो क्लोरीन टाकलेल्या पाण्याने आणि संडासांनी. मग फ्लूच्या बाबतीत पुन्हा तीच चूक करायची का? उपमा चपखल आहे, पण एका जागी अडते. पाणी एका टाकीतून येते, तिथे औषध टाकता येते. श्वासाची टाकी नसते. राहुटीच्या दोन बाजू उघड्या ठेवणे, पत्राशेडमध्ये पंखे नि झरोके असणे, खोकणाऱ्याला वेगळा कोपरा देणे हे सगळे करायलाच हवे आणि ते लशीपेक्षा स्वस्तही आहे. पण भर पावसात हजार माणसांच्या मुक्कामाला हवा खेळती ठेवण्याची मर्यादा कुणालाही कळेल. आणि दुसरे टोक आपण करोनाकाळात, २०२० आणि २०२१ मध्ये पाहिले. पादुका एसटीने आल्या आणि पंढरपुरात संचारबंदी होती. ते तेव्हा गरजेचे होते. दर पावसाळ्यात ते करायचे कुणी सुचवणार नाही. सक्तीही नको. दाखल्याशिवाय प्रवेश नाही, ही भाषा लशीला वैरी करून ठेवते.

लस घेतलेला वारकरी दुसऱ्याला फ्लू देणार नाही, असे मात्र सांगू नये. दंडात टोचलेल्या लशीने रक्तात प्रतिपिंडे वाढतात, फुप्फुसे बऱ्यापैकी वाचतात. नाकाच्या ओल्या अस्तरावर त्यांचा पहारा विरळ असतो आणि विषाणूचा मुक्काम आधी तिथेच पडतो. म्हणून नाकातून द्यायच्या लशींवर जगभर काम चालू आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्येच नाकात फवारायची ‘नॅसोव्हॅक’ बाजारात आणली होती. करोनावरची भारत बायोटेकची नाकातली लसही २०२३ च्या प्रजासत्ताकदिनी आली. पण अशा लशींनी संसर्गाची साखळी तुटते, हे मोठ्या गर्दीत ठामपणे दाखवणे अजून बाकी आहे. तोवर लस घ्यायची ती ज्याच्या त्याच्या फुप्फुसांसाठी आणि हृदयासाठी, असे म्हटले तर कुणाची फसवणूक होणार नाही.

खर्चाचा मुद्दा वाटतो तेवढा अवघड नाही. खासगी दवाखान्यात ही सुई दीड-दोन हजारांच्या घरात जाते, ती बहुधा चार वाणांची असते. त्यातला ‘बी यामागाता’ हा वाण मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही. टाळेबंदीने करोना गेला नाही, पण फ्लूची ही एक शाखा बहुधा कायमची गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ पासून तो वाण लशीतून वगळायला सांगितले. म्हणजे तीन वाणांची स्वस्त लस पुरते. महाराष्ट्राने २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत द्यायचे ठरवलेही होते. हजला जाणाऱ्या वयस्क आणि जोखमीच्या यात्रेकरूंना भारत सरकार फ्लूची लस देते. सोलापुरातून मक्केला निघालेल्या सत्तरीच्या माणसाला जे मिळते, ते सोलापुरातूनच पंढरपूरला निघालेल्या त्याच वयाच्या माणसाला का मिळू नये, याला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही.

हजकडून घेण्यासारखे आणखी एक आहे. मीना इथल्या तंबूंमध्ये २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षे मास्कची चाचणी झाली. यात्रेकरू एकेकटे न निवडता अख्खा तंबू मास्कच्या किंवा बिनमास्कच्या गटात टाकला. तीनशेहून जास्त तंबू, सात हजारांवर माणसे. निकाल मास्कच्या बाजूने लागला नाही, शिवाय मास्कच्या गटातल्यांनीही तो नीट वापरला नाही. पण गर्दीतही शिस्तीने प्रयोग होतो, हे त्यातून दिसले. आपल्याकडे तंबूपेक्षा पक्के एकक आहे. दिंडीला क्रमांक असतो, प्रमुख असतो, माणसे वर्षानुवर्षे तीच असतात आणि त्यांची नावे वहीत असतात. चिठ्ठ्या टाकून निम्म्या दिंड्यांना वैशाखात फ्लूची लस द्यावी, उरलेल्यांना धनुर्वाताची. अनवाणी चालणाऱ्यांना तीही उपयोगाची, म्हणजे कुणी रिकाम्या हाताने जात नाही. खोकणाऱ्यांच्या नाकातले नमुने तपासायला दूर जायला नको. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करोनाकाळात आरटी-पीसीआरची सोय झाली आहे.

फक्त मोजणी पंढरपुरात थांबवता येणार नाही. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला एक ते चार दिवस लागतात. दशमीच्या रात्री पत्राशेडमध्ये लागण झालेला माणूस एकादशीला दर्शन घेतो, द्वादशीला एसटी धरतो आणि त्रयोदशीला परभणी नाही तर बुलढाण्यातल्या आपल्या गावात अंथरूण धरतो. महाशिबिराच्या नोंदवहीत तो ठणठणीत असतो. गावातल्या आरोग्य केंद्रात तो पावसाळी तापाचा एक रुग्ण असतो, वारीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. म्हणून दिंडीच्या वहीतल्या प्रत्येक नावापुढे फोन नंबर हवा, आणि आषाढी झाल्यावर निदान दोन आठवडे गावोगावच्या आशा सेविकांनी त्या नावांची चौकशी करत राहायला हवे.